नोंदवही आणि शेजारधर्म

प्रत्येक धर्मग्रामाच्या कार्यालयात एक जुने कपाट असते आणि त्या कपाटात जाडजूड नोंदवह्या असतात. कोणाचा स्नानसंस्कार केव्हा झाला, कोणाचे लग्न कोणाशी लागले, कोणाला कोणत्या दिवशी दफनभूमीत पोहोचविले, हे सारे त्यांत लिहिलेले असते. या नोंदींबाबत आपला समाज विलक्षण काटेकोर आहे. नावातील एक अक्षर चुकले तरी माणसे धावत येतात. एका गोष्टीची नोंद मात्र कोठेही होऊ नये म्हणून हाच समाज जिवापाड धडपडतो. ती गोष्ट म्हणजे घरातील संसर्गजन्य आजार. या धडपडीविरुद्ध आम्ही लिहीत आहोत. तिला लोक अब्रू राखणे म्हणतात, कोणी घरंदाजपणाही म्हणतात. आम्ही तिला पाप म्हणतो, शेजाऱ्याविरुद्धचे पाप.

हे शब्द कठोर वाटतील. पण घरोघरी काय घडते ते एकदा उघड्या डोळ्यांनी पाहावे. तरुण मुलीला तीन आठवडे खोकला आहे, संध्याकाळी अंग तापते, वजन उतरते. तपासणीत क्षयरोग निघतो. त्या क्षणी घरातील वडीलधाऱ्यांना पहिली चिंता कशाची वाटते? मुलीच्या फुप्फुसांची? नव्हे. 'कोणाला कळता कामा नये. पुढे तिचे लग्न व्हायचे आहे.' मग दूरच्या उपनगरातील एखादा दवाखाना शोधला जातो. तेथे पत्ता अर्धवट दिला जातो. आशाताई दारात आल्या तर त्यांना उंबरठ्यावरूनच सांगितले जाते, 'आमच्याकडे सगळे ठीक आहे, बाई.' आणि मौज अशी की, आशाताईंपासून जे लपविले ते चार दिवसांत मासळीबाजारात सर्वांना ठाऊक झालेले असते. म्हणजे कुजबुजीला आपली हरकत नाही. हरकत आहे ती नोंदीला!

ही नोंद म्हणजे नेमके काय, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आरोग्य खाते म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धूर सोडणारे यंत्र तरी येते किंवा सरकारी दवाखान्याच्या दारातील रांग. प्रत्यक्षात या खात्याचे अर्धे काम मोजणीचे आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेवक आणि परिचारिका ताप, खोकला, जुलाब, कावीळ यांचे रुग्ण लक्षणांवरून नोंदवितात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर निदानावरून नोंदवितात. प्रयोगशाळा तपासणीच्या निकालावरून नोंदविते. २००४ साली देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून ही तिपेडी पद्धत रूढ आहे. पूर्वी हे कागद आठवड्याला जिल्ह्याच्या ठिकाणी जात. आता ती माहिती संगणकावर चढते. वरून पाहणाऱ्याला हा कारकुनी खटाटोप वाटेल. पण एका पाड्यावर एरवी आठवड्याला जुलाबाचा एखादा रुग्ण असतो आणि या आठवड्यात सात झाले, हे कळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही. सातांपैकी प्रत्येक घराला आपलेच पोट बिघडले आहे असे वाटत असते. सात घरे एकाच विहिरीचे पाणी पितात, हे वहीलाच कळते. मग सेवक बाटली घेऊन विहिरीवर जातो, पाण्यात क्लोरीन आहे की नाही ते ओ.टी. चाचणीने पाहतो, पिवळा रंग उमटला नाही तर टी.सी.एल. पावडर टाकवितो आणि ग्रामपंचायतीच्या हाती लाल कार्ड देतो. आठवे घर वाचते. त्या आठव्या घराला आपण वाचलो हे कधीच कळत नाही. म्हणून त्या सेवकाला कोणी धन्यवादही देत नाही.

आता या साखळीतून एक घर गळले तर काय होते? क्षयाचेच पाहू. उपचार न घेतलेला फुप्फुसाचा क्षयरोगी वर्षभरात जवळच्या सहवासातील पाच ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. योग्य औषध सुरू झाले की साधारणपणे काही आठवड्यांतच त्याच्यापासूनचा धोका झपाट्याने कमी होतो. म्हणजे भीती बाळगायची ती लपविलेल्या रुग्णाची. नोंद झालेल्याची नव्हे. आपण नेमके उलटे करतो. नोंद झाली की घरातील इतरांची तपासणी होते, लहान मुलांना प्रतिबंधक औषध मिळते, औषध मध्येच थांबविले तर कोणी तरी विचारायला येते. लपवाछपवीत औषध हमखास मध्येच थांबते, कारण बरे वाटू लागले की परगावचे हेलपाटे नकोसे होतात. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत; निवडक चिवट जंतू तेवढे उरतात. औषधांना दाद न देणारा क्षय असाच जन्मतो. २०१२ च्या आरंभी मुंबईतील अशा रुग्णांच्या बातमीने देश हादरला आणि त्याच वर्षी ७ मे रोजी केंद्र सरकारने क्षयाचा प्रत्येक रुग्ण कळविणे खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक केले. २०१८ मध्ये औषधविक्रेतेही त्या कक्षेत आले आणि न कळविण्यास शिक्षेची तरतूद झाली. कायदा आहे. तो पाळला जावा अशी रुग्णाच्या घरच्यांचीच इच्छा नसेल, तर कायदा काय करणार? २०२५ पर्यंत क्षय संपविण्याचा संकल्प २०१८ मध्ये दिल्लीत जाहीर झाला होता. क्षय काही संपला नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक आपल्या देशात आहेत.

कोणी म्हणेल, 'फादर, हे डॉक्टरांचे काम. धर्मगुरूंनी यात का पडावे?' या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, मोजणीची ही विद्या आरोग्य खात्याच्या जन्माआधी धर्मग्रामाच्या कार्यालयातच वाढली आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये स्नानसंस्कार आणि विवाह यांच्या नोंदी ठेवण्यास धर्मगुरूंना भाग पाडले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूची नोंदवहीही आवश्यक ठरविली. तिकडे प्रॉटेस्टंट झालेल्या लंडनमध्येही धर्मग्रामाचे कारकून दर आठवड्याला मृतांचा आकडा कारणांसह गोळा करीत आणि तो छापून विकला जाई. प्लेग शहरात शिरला की काय, हे श्रीमंतांना वेळेवर कळावे, हा त्याचा एक उपयोग. जॉन ग्रांट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने हे जुने कागद जमवून १६६२ मध्ये एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. आजारांच्या आकड्यांचा अभ्यास तेथून सुरू झाला असे मानतात. हे गृहस्थ उत्तरायुष्यात कॅथलिक झाले, हे आपल्या वाचकांना कौतुकाचे वाटेल.

पण ग्रांटच्या त्या आकड्यांत एक मोठे छिद्र होते. मृतदेह पाहून कारण सांगण्याचे काम गरीब म्हाताऱ्या बायकांकडे असे. प्लेग सांगितला की घराला बाहेरून कुलूप लागे. आजारी आणि धडधाकट सारेच आत कोंडले जात. म्हणून घरचे लोक त्या बायकांच्या हातावर नाणे ठेवीत आणि प्लेगचा मृत्यू दुसऱ्या एखाद्या तापाच्या नावे लिहिला जाई. प्लेगचे आकडे खऱ्याहून कमी आहेत हे ग्रांटने ओळखले होते. साडेतीनशे वर्षे लोटली, आजार बदलले. हातावर नाणे ठेवणारी वृत्ती मात्र जशीच्या तशी आहे.

याच लंडनची दुसरी एक हकीगत प्रत्येक धर्मगुरूने वाचावी अशी आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीची लाट उसळली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. दोष रस्त्यावरील पंपाच्या पाण्याचा आहे, असे डॉक्टर जॉन स्नो यांनी दाखविले आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. त्या वस्तीतील सेंट लूक चर्चमध्ये हेन्री व्हाइटहेड नावाचे तरुण अँग्लिकन धर्मगुरू होते. त्यांना स्नो यांचे म्हणणे मुळीच पटले नव्हते. ते खोडून काढण्यासाठीच ते धर्मग्रामाच्या चौकशी समितीतर्फे घरोघर हिंडले. लोक त्यांना ओळखत होते. डॉक्टरांपुढे मिटणारी दारे त्यांच्यापुढे उघडत होती. एकेका घरी ते अनेकदा गेले. कोण कोणते पाणी प्याले, कोण प्याले नाही, कोण केव्हा आजारी पडले, हे त्यांनी विचारले आणि लिहून ठेवले. जसजशी वही भरत गेली तसतसे त्यांचे स्वतःचेच मत ढासळत गेले. पुढे मृत्यूच्या सरकारी नोंदी चाळताना एका नोंदीवर त्यांची दृष्टी थांबली. ब्रॉड स्ट्रीट ४० क्रमांकाच्या घरातील पाच महिन्यांची एक मुलगी २ सप्टेंबरला जुलाबाने दगावली होती, आणि तिचा आजार लाट उसळण्याआधीचा होता. तिच्या आईने बाळाची दुपटी धुतलेले पाणी घरापुढील मैलाखड्ड्यात ओतले होते. खणून पाहिले तेव्हा तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्या आत निघाला आणि त्याच्या विटा ढासळलेल्या होत्या. स्नो यांचा सिद्धान्त पुरा झाला तो एका धर्मगुरूच्या पायपिटीने आणि एका तान्ह्या मुलीच्या नावापुढील एका ओळीने. त्या आईने बाळाचे दुखणे लपविले असते, त्या ओळीची नोंदच झाली नसती, तर?

आता आपल्या घराजवळ येऊ. वांद्र्याच्या आणि गिरगावच्या गल्ल्यांतून हिंडताना जुने क्रूस दिसतात. त्यांपैकी अनेक क्रूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या दहशतीत उभारलेले आहेत. दरवर्षी तेथे रोझरी होते, फुले वाहिली जातात. तो प्लेग मुंबईत प्रथम ओळखला तो मात्र आपल्याच समाजातील एका माणसाने, हे त्या क्रूसांपुढे कोणी सांगत नाही. हडफडे या गोव्यातील गावी जन्मलेले डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस मांडवीला दवाखाना चालवीत. सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांनी काखेत आणि जांघेत गाठ येऊन मरणारे रुग्ण पाहिले आणि 'हा गाठीचा ताप आहे, प्लेग आहे' असे महापालिकेला जाहीरपणे सांगितले. ते स्वतः पालिकेचे सभासद होते. बंदराचे शहर, कापसाचा व्यापार, बाहेर बभ्रा झाला तर जहाजे थांबणार! हे निदान कोणालाच नको होते. व्हिएगस गप्प राहिले नाहीत. पुढे हाफकिन यांची लस आल्यावर त्यांनी हजारो लोकांना ती टोचली. १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि धोबीतलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर, त्यांचा पुतळा उभा आहे. आपण त्या पुतळ्यावरून रोज जातो आणि घरी आल्यावर मुलीचा क्षय लपवितो.

तथापि येथे एका गोष्टीची उपेक्षा करून चालणार नाही. लोक आजार लपवितात याचा सारा दोष लोकांवर टाकणे अन्यायाचे होईल. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि त्याच्या आधाराने सरकारने जे केले ते अद्याप महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघरे तुडविली, स्त्रियांची विटंबना झाल्याच्या तक्रारी झाल्या. माणसे आजाऱ्यांना माळ्यावर, कपाटात लपवू लागली. लंडनप्रमाणेच येथेही दडपणातून लपवालपवी जन्मली आणि लपवालपवीतून साथ वाढली. २२ जूनला रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी त्याच पुण्यात दुसराही एक मार्ग दिसला होता. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. ज्या घरात शिपाई शिरतो त्या घराचे दार बंद होते. ज्या घरात सावित्रीबाईंसारखी माउली शिरते ते घर आपले दुखणे आपण होऊन सांगते. आरोग्य खात्याच्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा धडा टेबलाच्या काचेखाली ठेवावा.

आणि लपविण्याचा रोग फक्त घरांनाच आहे काय? नगरपालिका, महापालिका, मंत्रालये या साऱ्यांना तो आहे. पावसाळ्यानंतर डेंग्यू वाढतो. खाजगी प्रयोगशाळेच्या झटपट चाचणीत रुग्ण डेंग्यूचा निघतो, त्याच्या पेशी उतरतात, घरचे लोक रात्र रात्र धावपळ करतात. सरकारी हिशेबात मात्र एलायझा चाचणीने सिद्ध झालेलाच रुग्ण डेंग्यूचा. बाकी सारे 'संशयित'. शास्त्राच्या दृष्टीने हा नियम बरोबर आहे, कारण झटपट चाचण्या चुकतात. पण त्याच नियमाआड बसून 'साथ नाही' असे पत्रकारांना सांगणे बरोबर नाही. संशयितांचा आकडाही प्रभागवार, दर आठवड्याला, लोकांपुढे का ठेवू नये? दुसरे असे की, ज्या आशाताईंच्या पायांवर हे सारे खाते उभे आहे, त्यांना शासन पगार देत नाही, मानधन देते. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ही योजना आली. त्यांना 'स्वयंसेविका' म्हटले की वेतनाचा प्रश्न उरत नाही! २०२३ आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना वाढीव मानधनासाठी संप करावे लागले. कोविडच्या काळात त्यांच्यावर फुले उधळणारा समाज तेव्हा कोठे होता? मोजणाऱ्याला उपाशी ठेवून मोजणी खरी निघेल, ही अपेक्षा आम्हांस लबाडीची वाटते.

मोजणारा प्रामाणिक असेल आणि लोक दार उघडत असतील तर काय घडते, हेही आपल्या देशाने दाखविले आहे. १९९७ पासून भारतात पंधरा वर्षांखालील ज्या ज्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडेल त्याची नोंद होऊ लागली, मग कारण पोलिओ असो वा नसो. दोन आठवड्यांच्या आत, किमान एका दिवसाच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेऊन ते प्रयोगशाळेत पाठवायचे; विषाणू सापडला की त्या भागात पुन्हा डोस. पोलिओचा एक रुग्ण शोधण्यासाठी पोलिओ नसलेल्या कित्येक मुलांची तपासणी करावी लागे. कोणी म्हणाले असेल, हा व्यर्थ खर्च. या आडमुठ्या काटेकोरपणातूनच १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यातील एका मुलीला झालेला पोलिओ हा देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. आपल्या धर्मग्रामांतून कॅलिपर लावून चालणारी पन्नाशी-साठीतील माणसे अजून आहेत. त्यांच्या नातवंडांत तसे एकही मूल नाही, ही कोणाची पुण्याई? याउलट जेथे नोंदीला छिद्र पडले तेथे काय झाले तेही पाहावे. कोविडच्या दोन वर्षांत बालकांचे नेहमीचे डोस चुकले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ आली. मुले दगावली. गोवराला रोखायचे तर शंभरांतील पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. पाच मुले चुकली तर साथ झाकून राहते. पंधरा-वीस चुकली की ती दार ठोठावते.

आमच्या भाविक वाचकांपैकी काहींच्या मनात याहून वेगळा आक्षेप असतो. 'प्रार्थनेत सामर्थ्य नाही काय? नोवेना काय उगीच करायच्या?' प्रार्थनेवर आमची श्रद्धा आहे. ती नसती तर हा झगा आम्ही कशासाठी पांघरला असता? पण पवित्र शास्त्र उघडून पाहावे. लेवीय ग्रंथाच्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत त्वचेवर डाग उठलेल्या माणसाला कोणाकडे नेतात? याजकाकडे. याजक तपासतो, सात दिवस वेगळे ठेवतो, पुन्हा तपासतो, आणि बरा झाल्यावर त्याला समाजात परत घेतो. घराच्या भिंतीला कसर लागली तर तोच येऊन पाहतो, दगड काढवितो, गिलावा खरवडवितो. इस्राएलचा आरोग्य निरीक्षक वेदीवर उभा राहत असे! आणि प्रभू येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरे केल्यावर काय केले? 'जाऊन याजकाला दाखव' असेच त्याला बजावले. चमत्कारानंतरही प्रभूने तपासणी टाळली नाही. आपण चमत्कारही न होता ती टाळतो.

संतांचे उदाहरण हवे असेल तर मिलानचे संत चार्ल्स बोरोमिओ आहेत. १५७६ च्या प्लेगमध्ये ते अनवाणी मिरवणुकीत चालले, हे आपण सांगतो. शहरातील लोकांना घराबाहेर पडण्याची मनाई झाली तेव्हा त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या आणि लोकांनी आपापल्या खिडक्यांतून मिस्सा ऐकली, हे मात्र सांगत नाही. चोपन्न वर्षांनी त्याच शहरात पुन्हा प्लेग आला. संत चार्ल्स यांचे अवशेष घेऊन मिरवणूक काढावी असा नगरप्रमुखांनी आग्रह धरला. कार्डिनल फेदेरिको बोरोमिओ आधी नाही म्हणाले, अखेर त्यांनी मान तुकविली. ११ जून १६३० रोजी सारे शहर रस्त्यावर लोटले आणि त्यानंतर मृत्यू भराभर वाढले. भक्ती तीच, अवशेष त्याच संताचे. फरक गर्दीचा. देवाने दिलेली बुद्धी घरी ठेवून निघालेली मिरवणूक देवाच्या परीक्षेला बसते, आणि ती परीक्षा घेण्यास प्रभूने वाळवंटात सैतानालाही मनाई केली होती.

आता करायचे काय? वसईपुरते बोलायचे तर आधी बावखलांना दोष देणे थांबवावे. 'डास होतात' म्हणून वाडवडिलांची बावखले बुजवायची, तेथे इमारत उठवायची आणि तिच्या गच्चीवर उघडी टाकी ठेवायची, हा शहाणपणाचा व्यवहार सध्या जोरात आहे. डेंग्यूचा डास बावखलात क्वचितच वाढतो. त्याला घरातील स्वच्छ, साठलेले पाणी लागते: पिंप, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, करवंटी, टायर. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा सारी भांडी उपडी करून घासली की त्याचा वंश खुंटतो. धुराने उडणारे डास तेवढे मरतात, पाण्यातील अळ्या तशाच राहतात. तरी आपल्याला नगरसेवकाकडून धूरच हवा असतो, कारण धूर दिसतो आणि त्याचे छायाचित्रही निघते. बावखलांत गप्पी मासे सोडावेत आणि त्यांना सुखाने नांदू द्यावे. आणि दफनभूमीकडे पाहावे. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी आपण कबरींवर फुलदाण्या ठेवतो, त्यांत पाणी भरतो आणि महिनाभर तिकडे फिरकत नाही. डेंग्यूच्या ऐन हंगामात, जेथे आपले पूर्वज विसावले आहेत तेथेच डासांची पैदास आपण करतो. पाण्याऐवजी ओली वाळू घालावी. फुले टिकतात आणि अळ्या होत नाहीत.

याहून महत्त्वाचे ते घरातले. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करावी आणि निदान झाल्यावर डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, 'आपण नोंद केलीत ना?' धर्मभगिनींच्या आणि आपल्या समाजाच्या दवाखान्यांनी ही नोंद करण्यात सर्वांत पुढे असावे. नोंद म्हणजे बोभाटा नव्हे. ती गुप्त राहिलीच पाहिजे, आणि आरोग्य कर्मचाऱ्याने ती बाहेर फोडली तर त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यास धर्मग्रामाने रुग्णाच्या पाठीशी उभे राहावे. स्नानसंस्काराचा दाखला देताना कार्यालयाने आईवडिलांना लसीकरणाचे कार्ड विचारावे. नवव्या महिन्यातील आणि दीड वर्षाच्या सुमारास येणारा गोवराचा डोस लक्षात आणून देण्यास काही खर्च येत नाही. आपल्या लघुसमूहांच्या बैठकांना आशाताईंना बोलवावे, त्यांना खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, त्यांचे ऐकावे. धर्मग्राम मंडळाने दर महिन्याला पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी पत्र देऊन आपल्या प्रभागातील ताप, कावीळ, क्षय आणि डेंग्यू यांचे आकडे, नावांशिवाय, मागावेत. उत्तर आले नाही तर पुन्हा मागावेत. आपण आपले दडविणार नसू, तर त्यांना त्यांचे दडविता येणार नाही.

शेवटी लग्नाच्या त्या प्रश्नाकडे वळू, कारण साऱ्या लपवाछपवीचे मूळ तेथे आहे. औषधाचा पूर्ण क्रम घेऊन बरी झालेली मुलगी निरोगी मुलगी असते. तिला नाकारणारे घर तिच्या योग्यतेचे नाही, एवढे सांगण्याचे धैर्य आपल्या समाजात यायला हवे, आणि ते व्यासपीठावरून यावे म्हणून आम्ही हे लिहीत आहोत. तोपर्यंत तिच्या खोकल्याची नोंद होणार नाही. शेजारच्या घरातील दोन वर्षांचे मूल, ज्याच्या स्नानसंस्काराला आपणच पेढे वाटले होते, त्याच खोकल्याच्या हवेत खेळत राहील. त्याच्या स्नानसंस्काराची ओळ आम्ही लिहिली आहे. मृत्यूच्या वहीत त्याचे नाव इतक्या लवकर लिहिण्याची पाळी आमच्यावर आणू नये, एवढीच आमची मागणी आहे.